२० किलो भरडा

गाय बुधवारी पहाटे मरणार आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला कुठलाही कोठा धरा; माणसं बदलतील, तासांचा क्रम फारसा बदलत नाही. गाय संकरित, वजन ४०० किलो, रोजचा खुराक २ किलो.

सोमवार, सायंकाळ ६.३०. चक्कीवर गहू-मका. अख्खा दाणा शेणातून तसाच पडतो म्हणून दळायचा. निर्णय बरोबर आहे. "जाड ठेवू की बारीक?" "बारीकच करजो." जाड भरड्यातला स्टार्च पोटात हळूहळू सुटतो, पिठातला एकदम.

रात्री ९.४०. ३० किलोचं पोतं कोठ्यातच, गव्हाणीपासून चार हातांवर. तोंड उघडं. सकाळी घरात नेऊ.

११.१५. दाव्याची गाठ सुटते.

१२.३०. २० किलो संपले. कडबा चघळताना गाईला दिवसभरात १०० लिटरच्या वर लाळ सुटते, तिच्यातला सोडा पोटातलं आम्ल मारतो. पीठ चघळावं लागत नाही.

मंगळवार, पहाटे ४.००. कोठीपोटाचा, म्हणजे गाईच्या पहिल्या पोटाचा, सामू एरवी ६ ते ७. आता ५.५. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढताहेत, कडबा पचवणारे मरताहेत.

५.४५. धार. दूध निम्मं. रवंथ नाही, डावी कूस टम्म. रिकामं होत आलेलं पोतं दिसतं. "जास्त खाल्लं, पचेल." अर्धा लिटर गोडेतेल पाजतात. तेल पोटफुगीवरचा उपाय. इथे दुखणं आम्लाचं. खाण्याचा सोडा स्वयंपाकघरात आहे. डॉक्टरला फोन होत नाही, कारण गाय उभी आहे.

(शेतकऱ्यांसाठीच्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजनंतर यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुधाळ गाई वाटल्या गेल्या. कपाशीच्या या मुलखात त्यांच्या खाण्याचा हिशेब कुणी कुणाला समजावला, हेही कधीतरी विचारायला हवं.)

दुपारी १.००. सामू ५च्या खाली. अंगातलं पाणी कोठीपोटात ओढलं जातंय. डोळे खोल गेलेत. गाय दात खाते.

४.२०. पातळ, करडं, आंबूस वासाचं शेण. त्यात दाण्याचे कण. घरात हायसं वाटतं. पोट साफ होतंय.

रात्री ८.१०. गाय बसते, मान कुशीवर टाकते. कान गार. आता फोन.

१०.३०. डॉक्टर. नाडी मिनिटाला १२०, अंग गार, कोठीपोटाची हालचाल बंद. पोट उघडून पीठ काढायची वेळ सकाळी होती. शिरेतून सोडा, सलाईन.

बुधवार, पहाटे ४.५०. गाय मरते. खाणं संपल्याला २८ तास २० मिनिटं.