लाठीचा तास

बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यावे, अशी चर्चा निघाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी संगणकवाली! पण मला आठवला आपला लाठी-लेझीमचा तास.

त्या तासामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्या पुन्हा उभी केली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायाम बसवला आणि कवायतीचे इंग्रजी हुकूम देशी भाषेत आणले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवले. आखाड्यात वस्ताद एकेकाला शिकवी. सांघिक व्यायामामुळे तीच विद्या अख्ख्या वर्गाला मिळू लागली. नांदेडला होला मोहल्ल्यात गतका खेळणारी चिमुरडी तर आपण पाहिलीच आहेत.

लाठीमुळे पाढे पाठ होतात, असे मी म्हणणार नाही. पण हुकूम नीट ऐकणे, आकड्याला थांबणे, चुकले की न रडता ‘एक’पासून पुन्हा सुरू करणे, हातात काठी असूनही शेजारच्याला लागू न देणे, हे पहिलीतल्या पोराला फळ्यासमोर बसवून शिकवता येत नाही. प्रोग्राममधली चूक शोधताना मी आजही ‘एक’पासूनच सुरू करते.

म्हणून माझे मत नोंदवा: संगणक जरूर द्या, पण सोबत लाठ्या आणि लेझीमही द्या. आणि गुरुजनहो, तो तास गणिताला देऊ नका!