रंगूनची सहा वर्षे

ख्रिस्ती परंपरेत देवाच्या वचनाची वाट पाहणे ही एक साधना मानली जाते. तिचा मूळ आदर्श अब्राहाम. बायबलच्या कथेनुसार त्याला वचन मिळाले पंचाहत्तराव्या वर्षी आणि इसहाकाचा जन्म झाला शंभराव्या वर्षी. धर्मग्रंथातली ही पंचवीस वर्षे काही ओळींत सरतात. प्रत्यक्ष इतिहासात मात्र असा माणूस रोज सकाळी उठून काय करीत असे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आजचा धागा त्याविषयी.

६ फेब्रुवारी १८१२. अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्यांतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढे मुंबईत आले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला. तिसरा अडोनायरम जडसन. वय २३, लग्नाला जेमतेम एक दिवस झालेला. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात थारा दिला नाही, तेव्हा तो पत्नी अ‍ॅनसह जुलै १८१३ मध्ये रंगूनला उतरला. पहिले मूल समुद्रप्रवासातच मृत जन्मले होते.

(मंडालेच्या तुरुंगामुळे मराठी वाचकाला ब्रह्मदेश ठाऊक असतो. जडसनची कथा त्याच्या शतकभर आधीची आहे.)

रंगूनमध्ये पहिला बाप्तिस्मा झाला २७ जून १८१९ रोजी. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे एकही अनुयायी नाही. या काळाची दिनचर्या पाहिली की ‘सबुरी’ या शब्दाचा अर्थच पालटतो. शिक्षकाला इंग्रजी येत नसे, शिष्याला ब्रह्मी. वस्तूकडे बोट दाखवायचे आणि नाव टिपून घ्यायचे, अशी सुरुवात. लिपीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही, ग्रंथ ताडपत्रांवर कोरलेले, आणि धर्मविषयक शब्द समजायचे तर पालीकडे वळणे भाग. १८१६ पर्यंत त्याने व्याकरण सिद्ध केले. त्याच वर्षी सिरामपूरहून छापखाना आला, आणि पाठोपाठ मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अनुवाद पुरा झाला. याच वर्षी त्याचा तान्हा मुलगा दगावला.

१८१६ मध्येच त्याने सहकारी ल्यूथर राइस याला एक पत्र लिहिले. यश किती मिळाले असे कोणी विचारल्यास ताहितीकडे बोट दाखवावे, असे त्यात सुचवले आहे. तेथेही मिशनऱ्यांनी दीर्घकाळ निष्फळ श्रम केले होते. आम्ही आणखी वीस-तीस वर्षे जगलो तर आमच्याविषयी पुन्हा कानावर येईल, असा त्याचा आशय. मला या पत्रात भाबडेपणा दिसत नाही. देणगीदारांपुढे हिशेब मांडणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. विश्वास वचनावर आहे, पण मुदत मागितली आहे ती माणसांकडे.

१८१९ मध्ये त्याने श्वेडागॉन पॅगोडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक ‘जायत’ बांधले. जायत म्हणजे वाटसरूंच्या विसाव्याचा मांडव, आपल्याकडील धर्मशाळेचा लहान भाऊ म्हणा. परक्या वास्तूत लोक येत नाहीत, मांडवात येतात, हे उमगायला सहा वर्षे जावी लागली. त्यानंतर काही महिन्यांतच मौंग नौ हा पहिला अनुयायी मिळाला.

पुढचा भाग चरित्रकार भक्तिभावाने सांगतात. १८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले आणि गोऱ्यांवर हेरगिरीचा संशय आला. जडसन सुमारे दीड वर्ष बेड्यांत होता. अनुवादाचे हस्तलिखित अ‍ॅनने उशीत शिवून त्याच्यापर्यंत पोहोचवले. कच्च्याबच्च्या अन्नासाठी, पहारेकऱ्यांच्या मनधरणीसाठी, अधिकाऱ्यांच्या उंबरठ्यांवर ती गरोदरपणातही हेलपाटे घालीत राहिली. सक्रिय श्रद्धेचे उदाहरण द्यायचेच तर मी तिचे नाव आधी घेईन.

ऑक्टोबर १८२६ मध्ये ती गेली, आणि सहा महिन्यांत तान्ही मुलगीही. जडसन यानंतर कोसळला. जंगलात झोपडी बांधून राहू लागला, स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठाशी बसू लागला. देव आपल्याला सापडत नाही, अशी कबुली त्याने पत्रातून दिली. बोधकथांतून हा भाग अनेकदा गाळला जातो, पण त्याशिवाय १८३४ अपुरे राहते. त्या वर्षी ३१ जानेवारीला संपूर्ण ब्रह्मी बायबलचा अनुवाद पुरा झाला.

इथे एक सावधगिरी हवी. ख्रिस्ती धर्माचा मोठा प्रसार झाला तो ब्रह्मी लोकांत नव्हे, डोंगराळ भागातील करेन समाजात. आणि त्याची सुरुवात झाली ती १८२६ च्या यांदाबो तहाने इंग्रजांकडे गेलेल्या तेनासेरीम प्रांतात. राजाच्या दंडाची भीती तेथे उरली नव्हती. केवळ सबुरीला फळ आले असे म्हणणे म्हणूनच अर्धे सत्य होईल.

करेन समाजातील पहिला अनुयायी को था ब्यू. त्याला कर्जाच्या दास्यातून मिशनने सोडवले होते आणि त्याला शिकवण दिली होती जडसनने. बाप्तिस्मा मात्र १८२८ मध्ये जॉर्ज बोर्डमन याच्या हातून झाला. करेन लोकांत एक जुनी कथा होती. यवा या देवाने दिलेला ग्रंथ आपल्या पूर्वजांनी हरवला, आणि गोरा धाकटा भाऊ तो एके दिवशी परत आणील. ती नोंदवली मिशनऱ्यांनीच, त्यामुळे तिच्यात त्यांची भर किती, हा वाद आहे. तरीही वाट पाहणारे एकाच बाजूला नव्हते, असे दिसते. त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. १८३० च्या दशकात जोनाथन वेड याने ब्रह्मी अक्षरे वापरून ती तयार केली, आणि मगच करेन भाषेत पुस्तके छापली जाऊ लागली.