लहान मुलांचा डबा मजेदार कसा करायचा?

साखर कारखान्याभोवती वसलेलं वालचंदनगर इंदापूर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात येतं. इथे घरोघरी असणारा गूळ, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याचा कूट एवढ्यावरही बालवाडीतल्या मुलाचा डबा छान सजतो.

काय देता येईल?
- गूळ-तूप पोळी: घट्ट सुरळी करून बोटभर तुकडे करा.
- थालीपीठ: वाटीने छोटे गोल कापा.
- मलिदा: पोळी कुस्करून गूळ-तूप घाला, लिंबाएवढे लाडू वळा.
- डाळिंबाचे दाणे: छोट्या डबीत वेगळे द्या.

डबा परत का येतो?
सुट्टी छोटी असते आणि झाकण घट्ट असतं. मुलाला डबा स्वतः उघडता येतो का, हे घरीच पाहा. आदल्या रात्री दोन पदार्थ सुचवा, निवड त्याला करू द्या. स्वतः निवडलेलं मुलं सहसा खातात.

ही काळजी घ्या
पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उन्हाळ्यात दहीभातापेक्षा कोरडे पदार्थ बरे.