राजवाड्याभोवतीचे इंदूर

जुन्या शहरांच्या मध्यवस्तीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. अरुंद बोळ, उघडी गटारे, एकमेकांच्या अंगावर रेललेली घरे आणि त्यांतून वाट काढणारी गर्दी पाहून एक पक्ष म्हणतो की, हे सारे एकदा पाडून टाकावे, सरळ रुंद रस्ते काढावेत आणि नव्याने मांडामांड करावी. दुसरा पक्ष म्हणतो की, ह्या वस्तीच्या एका विटेलाही हात लावू नये. जे आहे तीच आपली परंपरा. पहिल्या पक्षाच्या हाती बहुधा नकाशा असतो व दुसऱ्याच्या हाती आठवणी. ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग मराठी माणसांनी नावारूपाला आणलेल्या एका शहरात, माळव्यातील इंदुरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधण्यात आला होता. त्याची हकिगत मनोरंजक तर आहेच. पण आज शहरोशहरी जुन्या पेठांना नवे रूप देण्याचे बेत आखले जात असता ती पुन्हा वाचण्याजोगीही आहे.

इंदूर हे मुळात माळव्याच्या वाटेवरचे व्यापारी ठाणे. खान आणि सरस्वती ह्या दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ ते वाढले. मल्हारराव होळकरांनी तेथे १७४७ च्या सुमारास राजवाड्याचे काम सुरू केले आणि गावाला एक केंद्रबिंदू मिळाला. राजवाड्याचे महाद्वार सात मजली. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. मराठी वाड्याचा चौक आणि उत्तरेकडील हवेल्यांची सजावट ह्यांचा त्यात मेळ आहे. मात्र वाडा उभा राहिला म्हणजे राजधानी उभी राहतेच असे नाही. अहल्याबाईंनी आपला कारभार नर्मदाकाठी महेश्वरी नेला आणि इंदूर काही काळ दुय्यम राहिले. पुढे १८०१ मध्ये होळकर व शिंदे ह्यांच्या वैरात सर्जेराव घाटग्याच्या फौजेने इंदूर लुटले आणि राजवाड्याचा मोठा भाग जाळला. दुसऱ्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजांचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याआधी जळालेल्या इंदूरच्या घरांविषयी शाळेच्या पुस्तकांत सहसा काही नसते.

ह्या शहराचे पहिले पुनरुज्जीवन झाले ते पराभवानंतर. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकर हरले. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि इंदूर संस्थानची राजधानी ठरले. मल्हारराव दुसरे अल्पवयीन होते. कारभार दिवाण तात्या जोग ह्यांच्या हाती होता. राज्य आटलेले, तिजोरी रिती, फौज मोडलेली, अशा स्थितीत त्यांनी जळका राजवाडा त्याच जागी पुन्हा उभारला. गावाबाहेर मोकळ्या माळावर नवे ठिकाण निवडणे कदाचित सोयीचे झाले असते. जुन्याच चौकात दरबार भरू लागल्यामुळे सराफ, कापडवाले, अत्तरवाले आणि भांडीवाले भोवतालच्या गल्ल्यांत टिकून राहिले. कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये राजवाड्याशेजारी गोपाळ मंदिर बांधविले. सत्ता, देवस्थान आणि बाजार ही तिन्ही चार पावलांच्या अंतरावर आली, आणि इंदूरचा गाभा तयार झाला तो असा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, कापसाचा आणि अफूचा व्यापार वाढला, गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कामासाठी माणसे येऊ लागली आणि ती जुन्याच वस्तीच्या फटीफटींतून मावू लागली. वाड्यांचे चौक भरले, परसात खोल्या निघाल्या, विहिरींभोवती चिखल झाला. मग प्लेग आला. ह्या रोगाने १८९६ मध्ये मुंबईत प्रवेश केल्यानंतर हिंदुस्थानातील किती शहरांची दैना उडविली ते सर्वश्रुत आहे. इंदूरही त्यातून सुटले नाही. साथ आली की बाजार ओस पडत आणि लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहत.

प्लेगवर त्या काळचे सरकारी उत्तर ठरलेले होते. मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि त्याने दाट वस्तीतून मोठे रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचेच काम. ह्या रस्त्यांनी मुंबईला वारा आणि वाट दिली, हे कबूल केले पाहिजे. परंतु जितकी घरे पाडली तितकी नवी बांधणे मंडळाला प्रारंभीच्या वर्षांत साधले नाही. हुसकलेली गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. रोग एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेला, एवढाच काही ठिकाणी त्याचा अर्थ झाला.

अशा वेळी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) ह्यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस ह्यांना पाचारण केले. गेडीस हे स्कॉटलंडचे; जन्म १८५४ चा. शिक्षणाने ते वनस्पतिशास्त्रज्ञ, परंतु शहराकडेही सजीव वस्तूप्रमाणे पाहण्याची त्यांना सवय होती. एडिंबरोच्या पडक्या जुन्या वस्तीत ते स्वतः कुटुंबासह राहावयास गेले होते आणि तेथील घरे एकेक करून दुरुस्त करीत होते. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचे नगररचनेचे मोठे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ ह्या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी पुन्हा चित्रे व नकाशे जमवून धाडले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत ते प्रदर्शन भरले. त्यानंतर त्यांनी देशातील अनेक शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांवर अहवाल लिहिले. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणकडचे तरुण गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांची पारख त्यांनीच केली आणि त्यांना विलायतेच्या अभ्यासासाठी पुढे केले. त्यामुळे मराठी विद्वत्तेच्या इतिहासातही त्यांना जागा आहे.

गेडीस ह्यांच्या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली होती. चांगला शल्यविशारद रोगट भाग तेवढाच काढतो आणि निरोगी मांस राखतो; शहराच्या बाबतीतही तसेच करावे, असे ते सांगत. प्रथम गल्लीगल्लीतून पायी हिंडावे. प्रत्येक घर पाहावे. कोणते खरोखर मोडकळीस आले आहे, कोणते नुसते मळलेले आहे, कोणती जागा ओसाड पडली आहे, विहीर कोठे बुजली आहे, देवळापुढचा पार कोठे आहे, ह्यांची खूण नकाशावर करावी. मग पडकी घरे तेवढी हलवून तेथे लहान चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत आणि दोन बोळ जोडावेत. ह्या रीतीने वारा व उजेड येतो, थोड्याच कुटुंबांना उठावे लागते आणि खर्चही सरळ रस्ता काढण्यापेक्षा पुष्कळ कमी लागतो. सारवलेले अंगण, घासलेली पितळी भांडी आणि दारातील तुळशीवृंदावन ही आरोग्यव्यवस्थेचीच अंगे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. सरकारी अहवालात तुळशीला इतका मान देणारे अधिकारी फार झाले नसतील.

परंतु इंदूरच्या लोकांना हे काय ठाऊक? हातात नकाशे घेऊन एक दाढीवाला वृद्ध साहेब आपल्या घरांकडे बोट दाखवीत हिंडतो, एवढेच त्यांना दिसत होते. मोजणीचा माणूस आला की मागोमाग पाडणारे येतात, असा अनुभव लोकांच्या गाठी होता. प्लेग आणणारा साहेब तो हाच, अशी कुजबूज गल्ल्यांतून होऊ लागली. आपला बेत कितीही चांगला असला तरी लोकांच्या मनातील भीती गेल्याशिवाय तो कागदावरच राहणार, हे गेडीस ह्यांनी जाणले. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतः सांगितलेली आहे. त्यांनी दरबाराकडे एक चमत्कारिक मागणी केली: मला एका दिवसापुरते महाराज करा. दरबाराने ती मान्य केली.

तो दिवस १९१७ च्या दिवाळीचा. दवंडी पिटविण्यात आली की, ह्या वर्षी मिरवणूक नेहमीच्या मार्गाने निघणार नाही. ज्या रस्त्यावर अधिकाधिक घरे झाडून, दुरुस्त करून व रंगवून तयार असतील त्या रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आळीआळीत चढाओढ लागली. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय करण्यात आली होती, आणि घराघरांतून व अंगणांतून सहा हजारांहून अधिक गाड्या केर निघाला. उंदीर पकडण्याचे पिंजरे वाटले गेले. घिसाडी, सुतार, रंगारी ह्यांना उसंत मिळेना.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, बाजे होतेच. त्यामागून अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर निघाला. उंदराच्या अंगावर पिसवा थरथरत असल्याचे सोंगही होते. पिसवा रोग कशा पसरवितात हे व्याख्यानाने जितक्यांना कळले नसते तितक्यांना त्या एका सोंगाने कळले. त्यांच्या मागून झाडूवाल्यांची पलटण आली. त्यांचे कपडे पांढरेशुभ्र, झाडू नवे, गळ्यांत फुलांच्या माळा, गाड्या धुतलेल्या आणि बैलांची शिंगे रंगविलेली. ज्यांची सावलीही टाळली जात असे ते लोक त्या दिवशी राजरस्त्याने मानाने चालत होते. शेवटी शहराची नवी देवता आणि येऊ घातलेल्या सुधारणांचे देखावे निघाले. तुळशीची रोपे वाटण्यात आली आणि रात्री राक्षसाचे व उंदराचे दहन झाले.

ह्या दिवाळीने प्लेग हटला, असे म्हणणे धाडसाचे होईल. साथी येतात आणि ओसरतात, त्यांना अनेक कारणे असतात. परंतु साहेबाला पाहून दार लावून घेणारे लोक त्यानंतर आपणहून त्याला आपली गल्ली पाहावयास बोलावू लागले, हा लाभ लहान नव्हता. १९१८ मध्ये गेडीस ह्यांचा इंदूरचा अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात नद्यांचे काठ, सांडपाणी, मजुरांची घरे, बागा, बाजार आणि एक विद्यापीठ इतक्या गोष्टींचा विचार आहे. त्यातील पुष्कळसे प्रत्यक्षात उतरले नाही. महाराज १९२६ मध्ये गादीवरून दूर झाले, काळ बदलला. इंदूरला विद्यापीठ मिळाले ते १९६४ मध्ये. नद्यांच्या शुद्धीचा प्रश्न तर त्यानंतरही अनेक दशके शहराच्या मागे राहिला.

मात्र जुना गाभा तगला. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा सराफा रात्री दुकाने मिटली की खाऊगल्ली होतो. तीच जागा दोन वेळी दोन प्रकारच्या माणसांचे पोट भरते आणि रात्रीच्या वर्दळीने तिची राखणही होते. अशी व्यवस्था कोणत्याही नकाशावर आखून देता येत नाही. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याला पुन्हा आग लागली आणि मागचा लाकडी भाग भस्म झाला. पुढे तोही उभा करण्यात आला. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली; गिरण्या थांबल्या तरी राजवाड्याची पेठ चालू राहिली.

२०१६ च्या जानेवारीत ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या वीस शहरांत इंदूरची निवड झाली आणि राजवाड्याभोवतीचा सुमारे ७४२ एकरांचा पट्टा पुनर्विकासासाठी घेण्यात आला. गोपाळ मंदिराचा आणि राजवाड्याचा जीर्णोद्धार झाला, ही आनंदाची गोष्ट. त्याबरोबरच जुने रस्ते रुंद करण्यात आले आणि कित्येक घरांचे दर्शनी भाग कापले गेले. ह्याला विरोध झाला, वादही झाले. रुंद रस्त्याची बाजू पोकळ नाही. ज्या शहराने राजवाडा जळताना पाहिला त्याला आगीचा बंब आत शिरण्याइतकी वाट हवीच. रुग्णाला खाटेसह बोळाच्या तोंडापर्यंत आणावे लागते, ते दुःख परंपरेच्या अभिमानाने हलके होत नाही. प्रश्न एवढाच उरतो की, कोणती भिंत पाडावी हे ठरविण्यापूर्वी त्या भिंतीमागे कोणी गेले होते काय?

याच इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविला. घरोघर ओला व सुका केर निराळा करणे हे काम हुकमाने होत नाही. त्यासाठी लाखो घरांतील माणसांनी रोज सकाळी आपणहून हात लावावा लागतो. १९१७ च्या दिवाळीशी ह्या यशाचे थेट नाते जोडण्याचा मोह मी आवरतो; तथापि दोन्ही वेळी शहर झाडले ते लोकांनीच.

आपल्यापैकी पुष्कळजण परप्रांती कचेऱ्यांत बसून अशाच योजनांचे कागद पुढे सरकवीत असतो. नकाशावरील एक तांबडी रेघ, तिच्याखाली क्षेत्रफळ, तिच्याखाली रक्कम आणि शेवटी सही. ती रेघ कोणाच्या तरी ओसरीतून, कोणाच्या दुकानाच्या गल्ल्यावरून आणि एखाद्या तुळशीवृंदावनावरून गेलेली असते. गेडीस ह्यांनी नकाशा मिटून आधी गल्ल्या पाहिल्या. त्या कामाला वेळ लागला, आणि लोकांचा विश्वास मिळविण्यासाठी त्यांना एक अख्खी दिवाळी खर्ची घालावी लागली. पुनर्विकासाच्या अंदाजपत्रकात ह्या दोन बाबींसाठी अजूनही रकाना नसतो. तो असावा, एवढीच सूचना ह्या जुन्या हकिगतीतून करावीशी वाटते.