तहाचा दगड

अपाची म्हटले की सिनेमातला घोड्यावरचा लुटारूच आपल्या लोकांना आठवतो. पण याच लोकांत एस्किमिनझिन नावाचा नायक होऊन गेला. त्याने तहासाठी काय काय सोसले हे तरुण पोरांना कळावे म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

१८७१ च्या फेब्रुवारीत ॲरिझोनातील कॅम्प ग्रँट या लष्करी ठाण्यात त्याच्या लोकांतल्या पाच म्हाताऱ्या पांढरे निशाण घेऊन आल्या. मागून तो स्वतः आला. पळून पळून थकलो, आता लढाई नको, असे त्याने लेफ्टनंट व्हिटमनला सांगितले. व्हिटमनने दूरच्या डोंगरात जायला सुचवले. पण अरवायपा ओढ्याकाठी आमच्या बापजाद्यांनी मका पिकवला, इथेच राहू, हे त्याचे म्हणणे. तहाचा अधिकार व्हिटमनला नव्हता. त्याने वरिष्ठांना पत्र लिहिले. वरती मजकुराचा सारांश नाही म्हणून ते तसेच परत आले! इकडे सुमारे ५०० माणसे ओढ्याकाठी वसली, ठाण्याला गवत कापून देऊन पोट भरू लागली.

३० एप्रिलच्या पहाटे टक्सनहून आलेल्या जमावाने झोपलेली वस्ती कापून काढली. त्यात गोरे होते, मेक्सिकन होते, आणि अपाचींशी जुने वैर असलेले तोहोनो ओओधाम आदिवासी सर्वांत जास्त होते. गरिबाच्या हातून गरीब मारला! शंभरावर मेले, बहुतेक बायका नि पोरे. कित्येक मुले पळवून नेली. एस्किमिनझिन एका लहान मुलीला उचलून निसटला. डिसेंबरात खटला झाला. ज्यूरीने १९ मिनिटांत सगळ्यांना निर्दोष सोडले.

संतापात त्याने ओळखीच्या एका गोऱ्या माणसाला ठार केले, हे लपवून चालणार नाही. पण १८७२ च्या मे महिन्यात जनरल हॉवर्डसमोर तो पुन्हा तहाला बसला. त्याने जमिनीवर दगड ठेवला. हा दगड टिकेल तोवर शब्द टिकेल, असा त्याचा अर्थ. पळवलेल्या मुलांपैकी थोडी परत मिळाली.

त्याने शब्द दिला, पुढे शेतीही केली. सरकारने मात्र त्याला बेड्या घातल्या, उतारवयात दूर अलाबामात कैदेत धाडले.

करारावर सही करून वाट पाहणे आम्हा गिरणी कामगारांना नवे नाही. म्हणून आम्ही एवढेच सांगतो : शांतता मागणारा दुबळा नसतो. पण समोरच्याच्या शब्दावर कायद्याचा पहारा नसेल, तर पहिला बळी त्याचाच जातो.