बसून खेळायच्या बुद्धिबळाला व्यायाम कशाला लागतो?

मॅग्नस कार्लसन जिममध्ये घाम गाळतो, फुटबॉल खेळतो. खुर्चीत बसून प्यादी हलवणाऱ्याला याची काय गरज, असा प्रश्न अनेकांना पडतो. याचं उत्तर मॉस्कोतल्या एका अर्धवट राहिलेल्या लढतीत सापडतं.

सप्टेंबर १९८४ मध्ये विश्वविजेता अनातोली कारपोव्ह आणि २१ वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह समोरासमोर आले. जो आधी ६ डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम होता. २७ डावांनंतर कारपोव्ह ५-० ने पुढे होता. फक्त एक विजय हवा होता, पण तो काही मिळाला नाही. डावामागून डाव बरोबरीत सुटत गेले, महिने उलटले, कारपोव्ह खंगत गेला. त्याचं वजन सुमारे १० किलोंनी घटल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ४७ वा आणि ४८ वा डाव कास्पारोव्हने लागोपाठ जिंकला. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी खेळाडू दमल्याचं कारण देऊन लढत निकालाविनाच थांबवली. गंमत म्हणजे दोघेही खेळाडू पुढे खेळायला तयार होते!

खेळताना शरीरात नेमकं होतं काय? अटीतटीच्या डावात तणावामुळे हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, भूक मरते, रात्री झोप लागत नाही. असे पाच-सहा तासांचे डाव रोज खेळले की थकवा साचत जातो. थकलेला मेंदू चाली विसरत नाही, पण तपासून बघायचा कंटाळा करतो. समोर दिसेल ती चाल खेळून मोकळा होतो. नियमित धावणाऱ्या किंवा पोहणाऱ्या माणसाचे ठोके ताणानंतर लवकर खाली येतात आणि त्याला झोपही चांगली लागते. थोडक्यात, व्यायामाने खेळाडू हुशार होत नाही, त्याची हुशारी पाचव्या तासापर्यंत टिकते.

सोशल मीडियावर फिरणारा ‘ग्रँडमास्टर दिवसाला ६,००० कॅलरी जाळतो’ हा दावा मात्र जपून घ्यावा. ठोके तणावाने वाढले म्हणजे स्नायूंनी तेवढी ऊर्जा खर्च केली असं होत नाही. मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो, पण अवघड विचार करताना त्यात फारशी वाढ होत नाही.

दुबईत २०२१ च्या जगज्जेतेपद लढतीत पहिले पाच डाव बरोबरीत सुटले. सहावा डाव १३६ चाली आणि पावणेआठ तास चालला, जगज्जेतेपदाच्या इतिहासातला सर्वांत लांब. कार्लसनने तो शेवटच्या टप्प्यात जिंकला. त्यानंतर इयान नेपोम्नियाची सावरलाच नाही. नवव्या डावात तर त्याने स्वतःचाच उंट अडकवून घेतला. याला फक्त शारीरिक थकवा कारणीभूत होता असं म्हणता येणार नाही, मनाचा धीर सुटणं हाही त्यातला मोठा भाग. कार्लसनने लढत ७.५-३.५ अशी जिंकली.

स्पर्धेच्या आदल्या महिन्यात ‘आता फक्त बुद्धिबळ’ म्हणून मुलांचं मैदान बंद करणं त्यामुळे उलटं पडू शकतं. डावाच्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम टाळावा. सकाळी अर्धा तास भरभर चालणं पुरेसं आहे.