पासिंग : एक शब्द, दोन कागद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द आहे ‘पासिंग’.

आमच्याकडे तेलगावच्या चौकात कुठलाही ट्रक येऊन थांबला की चहाच्या टपरीवरचा माणूस आधी नंबर प्लेट बघतो आणि विचारतो, “कुठली पासिंग?” एमएच २३ म्हणजे बीड, एमएच ४४ म्हणजे अंबाजोगाई. इथं पासिंग म्हणजे गाडीची नोंदणी. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी सांगतो, “गाडी नाही आज, पासिंगला गेलीय.” आता पासिंग म्हणजे फिटनेसची तपासणी. शब्द एकच, अर्थ दोन. मी पुण्याला नोकरीला आल्यावर एका मित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तुमच्याकडे लोक दोन वेगळे कागद एकात मिसळतात. तेव्हा मलाही वाटलं की खरंच, आपल्या लोकांचा गोंधळ आहे. पुढे कायदा वाचला आणि मत बदललं. ते कसं बदललं, हीच आजची गोष्ट.

आधी घरचं सांगतो. माझ्या चुलत्यांचा, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, एक सहाचाकी ट्रक होता. तेलगावला साखर कारखाना आहे, आधी माजलगाव सहकारी म्हणायचे, आता लोकनेते सुंदरराव सोळंके यांचं नाव आहे. सोळंके म्हणजे १९७८ साली राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, पाणी आलं, ऊस वाढला आणि उसामागं गाड्या वाढल्या. तात्यांचा करार होता ऊस वाहतुकीचा. उचल घेतलेली, मुकादमाला पैसे दिलेले, दहा कोयत्यांची टोळी फडावर उतरलेली.

२०१९ ची संक्रांत. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीला घरी आलेलो. गाडीची कागदं चाळताना दिसलं की फिटनेस संपून दोन आठवडे झालेत. तात्यांना म्हणालो तर ते म्हणाले, “आरं हंगाम संपू दे. दोन दिवस गाडी उभी राहिली तर तोडलेला ऊस फडात वाळंल. टोळी काय माझ्या तोंडाकडं बघत बसंल का? गाडी तर चालू हाय की.”

‘गाडी तर चालू हाय की.’ हे वाक्य लक्षात ठेवा. फिटनेस तपासणीचा सगळा इतिहास या वाक्याच्या विरोधात उभा आहे.

मुंबईत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. जमशेटजी टाटा हे सुरुवातीच्या मालकांपैकी एक. मग १९१४ साली ‘इंडियन मोटर व्हेईकल्स अ‍ॅक्ट’ झाला. त्यात गाडीची नोंदणी आली, चालकाला परवाना आला, वयाची १८ वर्षांची अट आली. म्हणजे गाडी कुणाची आणि चालवतो कोण, हे सरकारला कळायला लागलं.

पण हे सगळं ब्रिटिश इंडियात, बरं का. आपलं बीड होतं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथं १९३२ साली निजामाच्या रेल्वेनंच रस्ता वाहतुकीचा विभाग काढला आणि २७ बस सुरू केल्या. आपल्या ‘एसटी’ची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला. तोपर्यंत हैदराबाद भारतात आलंही नव्हतं. ते आलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये.

तिकडे ब्रिटिश इंडियात १९१४ नंतरच्या पंचवीस वर्षांत भाड्याच्या लॉऱ्या आणि बस वाढल्या. मालवाहू आणि प्रवासी गाडी खासगी मोटारीपेक्षा कितीतरी जास्त पळते, जास्त ओझं वाहते, आणि तिच्यात बसणाऱ्याला तिचे ब्रेक कसे आहेत हे बघायची सोय नसते. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा त्यात कलम ३८ घातलं गेलं : फिटनेस सर्टिफिकेट, मराठीत ‘योग्यता प्रमाणपत्र’.

या कलमाची रचना बघण्यासारखी आहे. साधारण कुणीही असं लिहिलं असतं की प्रमाणपत्र नसेल तर इतका दंड. कलम तसं म्हणत नाही. ते म्हणतं की योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहतूक वाहनाची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. म्हणजे नंबर प्लेट लावलेली आहे, आरसी खिशात आहे, तरी कायद्याच्या डोळ्यांना ती गाडी बिननोंदणीची. १९३९ चा कायदा १ जुलै १९३९ ला लागू झाला. त्याची जागा घेणारा १९८८ चा कायदा बरोबर पन्नास वर्षांनी, १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यात हेच कलम ५६ क्रमांकाने बसलंय, मुद्दा तोच.

मंडळी, इथं मला आमची चहाची टपरी आठवली. ज्या दोन गोष्टींना आमची माणसं एकच शब्द वापरतात, त्या कायद्यानंच १९३९ पासून एकमेकींना बांधून ठेवलेल्या आहेत. पासिंग संपली की पासिंग संपली!

आणखी एक बारकावा. दोन्ही कायद्यांत म्हटलंय की गाडी ‘त्या वेळेपुरती’ सगळ्या अटी पूर्ण करते, एवढंच हे प्रमाणपत्र सांगतं. कायद्यालाही माहीत आहे की लायनर झिजतात, टायर गुळगुळीत होतात. म्हणून तारीख. नव्या वाहतूक वाहनाला दोन वर्षं मिळतात. त्यानंतर पूर्वी दर वर्षी तपासणी असायची. २०१८ च्या बदलानंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षं आणि त्यापुढच्या जुन्या गाडीला एक-एक वर्ष. खासगी कारला मात्र नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. शेतीचा ट्रॅक्टरही कायद्यात वाहतूक वाहन धरला जात नाही.

सगळीकडे असंच आहे असं नाही. ब्रिटननं १९६० साली ‘एमओटी’ तपासणी सुरू केली ती खासगी मोटारींनाही धरून. आधी दहा वर्षं जुन्या गाड्यांना ती लावली. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली, आणि १९६७ ला तीन वर्षांवर. ‘चालू आहे की’ म्हणणारे तात्या तिकडेही भरपूर होते.

आता परत आमच्या तात्यांकडे येऊ. त्यांना वाटलं पोरगं ऐकत नाही, तर जाऊन येऊ. मी फोनवरून अर्ज भरला, फी भरली, तारीख घेतली. त्याआधी चौकातला एक एजंट म्हणाला होता, “गाडी कशाला नेता, बघू आपण काहीतरी.” तात्या त्या मोहात पडले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी एजंटचा आकडा ऐकला आणि मग पडले नाहीत.

तेव्हा ‘गाडी कशाला नेता’ म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलंही नव्हतं. त्याला कारण आहे एक जनहित याचिका. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात ती केली. तक्रार साधी होती : नियमात लिहिलेली तपासणी प्रत्यक्षात होत नाही, गाड्या नुसत्या बघून पास केल्या जातात. २०१६ साली न्यायालयानं आदेश दिला की ब्रेकची चाचणी किमान २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून झाली पाहिजे. पुढे २०१८ मध्ये ज्या कार्यालयांकडे ट्रॅक नाही त्यांचं हे काम थांबवण्यापर्यंत वेळ आली.

२५० मीटर का, हे मला त्या दिवशी कळलं. आमची गाडी उभी असताना सगळं ठीक होतं. हेडलाइट लागले, इंडिकेटर लागले, वायपर फिरला, हॉर्न वाजला, रिफ्लेक्टर टेप नवी होती. चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतला. नजरेनंच बघायचं असतं तर पास. मग निरीक्षक साहेबांनी गाडी ट्रॅकवर पळवायला लावली आणि ब्रेक मारायला सांगितलं. गाडी थांबली, पण थांबताना डावीकडे ओढली. पुन्हा पळवली, पुन्हा ओढली. साहेब म्हणाले, “उजवीकडचं मागचं चाक ब्रेक धरत नाही. काम करून आणा.” नापास.

तात्या येताना रस्ताभर बोलले नाहीत. तेलगावात मिस्तरीनं मागचा ड्रम उतरवला. लायनर झिजून रिवेटपर्यंत गेलेलं, रिवेटनं ड्रमला आतून चरे पाडलेले. मिस्तरी म्हणाला, “तात्या, रिकामी गाडी थांबंल यावर. भरलेली नाही थांबायची.”

आमचा फड त्या वर्षी धारूरकडे होता. धारूरहून तेलगावला यायचं म्हणजे घाट उतरायचा, अरुंद, वळणावळणाचा. दोन आठवडे तात्या रोज रात्री उसानं भरलेली गाडी घेऊन तो घाट उतरत होते. आणि उसावर टोळीतली दोघं-तिघं बसलेली असायची, त्यात एखादं लेकरूही.

तात्यांनी ड्रम हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि खाली ठेवला. लायनरचे पैसे दिले. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, “वहिनी, पोरगं म्हणलं म्हणून गेलो.” तीन दिवस गाडी उभी राहिली, ऊस वाळला, वजन घटलं, टोळीची बोलणी खाल्ली. ते नुकसान खरं होतं, ते मी नाकारणार नाही.

कारण उशीर करणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असं नाही. कोरोनात तर सरकारनंच तारीख थांबवली. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या कागदांची मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. कागद जिवंत ठेवता आला. लायनर मात्र जी गाडी चालत होती तिचं झिजतच होतं.

मग उशिराच्या शुल्काचा प्रश्न. डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या नियमात फिटनेस संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क आलं. महाराष्ट्रात ते बरीच वर्षं कोर्टात अडकलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि जुलैत सरकारनं ती थांबवली. हिशोब करून बघा : आजारपणात शंभर दिवस रिक्षा उभी राहिली तर ५,००० रुपये. इतके पैसे नसलेला माणूस तपासणीला येतच नाही, तशीच गाडी काढतो. म्हणजे वेळेवर आणण्यासाठी लावलेलं शुल्क एका मर्यादेनंतर माणसाला तपासणीपासूनच लांब ठेवतं. दुसरी बाजूही खरी आहे : काहीच शुल्क नसेल तर ‘हंगाम संपू दे’ म्हणणारे वाढतात. मी स्वतः याचं सोपं उत्तर काढू शकलेलो नाही.

आता पुढचा टप्पा आहे यंत्रांचा. नाशिकला राज्यातलं पहिलं स्वयंचलित तपासणी केंद्र झालं. तिथं गाडी रोलरवर चढते आणि कुठलं चाक किती ब्रेक धरतं ते आकड्यात दिसतं. जड वाहनांना अशीच तपासणी सक्तीची करायची तारीख केंद्रानं आधी १ एप्रिल २०२३ ठरवली होती, ती पुढे १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली. तपासणी वेळेवर करा असं सांगणाऱ्या नियमालाच मुदतवाढ घ्यावी लागली!

माझ्या कामात आम्ही वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट सांभाळतो. ते रात्री बाराला संपलं की साइट बंद, फोन सुरू. तिथं कुणी म्हणत नाही की साइट तर चालू होती की. आम्ही महिनाभर आधीचा अलार्म लावतो. तात्यांच्या गाडीसाठीही मी तेच केलं : फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, तिन्हींचे अलार्म माझ्या फोनवर. आणि तपासणी शक्यतो दिवाळीच्या आधी, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत. त्या दिवसांत गाडी उभी राहिली तरी ऊस वाळत नाही.

तात्यांनी गेल्या वर्षी तो ट्रक विकला. घेणारा परळीकडचा. व्यवहार ठरताना त्यानं विचारलं, “पासिंग कधीपर्यंत?” तात्यांनी कागद काढायच्या आधी त्याला गाडीखाली नेलं आणि मागचं चाक दाखवलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी गाडी असेल तर आज जरा कागदावरची तारीख बघून घ्या.